वडिलांच्या वहीतला गढूळ पाझर: धरणावरच्या 'किरकोळ' गोष्टी कुठं नोंदवतात?

पाटणवाला
राम राम मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचे आण्णा साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या एका मातीच्या धरणावर चौकीदार होते. धरणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले. गेल्या महिन्यात माळा झाडताना त्यांची ट्रंक निघाली. आत साखर कारखान्याकडून सभासदांना मिळायच्या त्या डायऱ्या, एकोणीस वर्षांच्या. उसाची तोड कधी आली, म्हैस कधी फळली, कुणाला किती उसने दिले, सगळं त्यात. आणि रोज एक ओळ धरणाची: पातळी, पाऊस, नॉच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भरावातनं झिरपलेलं पाणी पायथ्याच्या चरीत गोळा होतं. चरीच्या तोंडाला इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेला पत्रा असतो, तो व्ही-नॉच. खाचेतनं किती सेंटीमीटर पाणी वाहतंय ते पट्टीवर बघायचं, त्यावरनं पाझर किती ते कळतं.

तर ऑगस्ट १९९७. जशा आहेत तशा ओळी देतो:

"१२. नॉच ६. पानी गढूळ, लालसर. पाऊस न्हाय. सायबास्नी फोन केला. बघू म्हनले."
"१३. नॉच ६. गढूळच. पाऊस न्हाय. बाटलीत भरून ठिवलं."
"१५. झेंडावंदन. पानी निवळलं. नॉच ४."
"१७. नॉच २. आसं कधी हुत न्हाय."

पुढं महिनाभर नॉच दोन-अडीच. त्याआधीच्या सगळ्या पावसाळ्यांत धरण भरल्यावर चार असायचा. पुढं काय झालं ते डायरीत नाही. धरण अजून शाबूत आहे, दरवर्षी भरतं.

प्रश्न असा, की असल्या गोष्टी कुठं नोंदवतात का? तेव्हा नोंदवल्या असतील का? आणि या डायऱ्यांचं मी काय करू? बायको म्हणते रद्दीत घाल.

टग्या_कराडकर
वहिनींना सांगा, रद्दीवाला किलोला जे देईल त्याच्यावर दहा रुपये जास्त देतो. डायऱ्या माझ्याकडं पाठवा.

वाचनमात्र
बाटलीचं काय झालं?

पाटणवाला
बाटली सापडली नाही. आई म्हणते, खिडकीत एक लाल पाण्याची बाटली बरेच दिवस होती. तिनं ती एकदा घासून त्यात काकवी भरली.

गॅलरीतला
पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त. पाटणवाला, डायऱ्या रद्दीत घालू नका, हात जोडून सांगतो.

तुमच्या आण्णांनी काय लिहिलंय ते आधी सांगतो. नॉच चारचा सहा झाला म्हणजे पाझर दीडपट झाला असं वाटेल, पण खाचेचं गणित तसं नसतं. नव्वद अंशाच्या नॉचला चार सेंटीमीटरला सेकंदाला अर्ध्या लिटरच्या आत पाणी जातं, सहाला सव्वा लिटरच्या आसपास. म्हणजे पावणेतीन पट. त्यात ते गढूळ. स्वच्छ पाझर सगळ्याच मातीच्या धरणांना असतो, त्याची भीती नसते. गढूळ म्हणजे पाण्याबरोबर आतली माती निघतेय. अशी माती जात राहिली तर आत नळीसारखी पोकळी तयार होते.

आता यातली खरी हुशारी बघा. "पाऊस न्हाय" हे दोन्ही दिवशी लिहिलंय. पाऊस असता तर भरावाच्या उतारावरची माती धुऊन चरीत येते आणि पाणी तसंही लाल होतं. ती शंका त्यांनी दोन शब्दांत मिटवून टाकली. माझ्या हाताखाली पदवीवाली पोरं होती, त्यांना हे चार चार वेळा सांगावं लागायचं.

तुमचा प्रश्न. आज उत्तर सोपं आहे. धरण सुरक्षा कायदा २०२१ साली झाला. त्यात धरण फुटणं वेगळं आणि 'धरणावरची घटना' वेगळी, अशी व्याख्याच आहे. फुटण्यापर्यंत न गेलेली प्रत्येक गडबड म्हणजे घटना. पाझर नेहमीपेक्षा वेगळा, उपकरणाचं वाचन विचित्र, भरावाच्या खालच्या अंगाला जमिनीतनं उकळी फुटल्यासारखं पाणी, दरवाजा अडकला किंवा चुकीचा चालवला, हे सगळं त्यात येतं. चालू असलेला पाझर अचानक थांबला किंवा विनाकारण कमी झाला, तर तेही. म्हणजे तुमच्या १७ तारखेची ओळसुद्धा. लोकांना वाटतं पाझर कमी झाला, बरं झालं. अहो, पाणी गेलं कुठं? चर तुंबली, की त्यानं दुसरी वाट काढली?

१९९७ साली काय व्हायचं, ते सवडीनं लिहितो. ते सोपं नाही.

नम्र_शंका
कायदा वगैरे ठीक. पण अठ्ठावीस वर्षं धरण उभं आहे ना? मग एका चौकीदाराच्या ओळीवरून एवढा काथ्याकूट कशाला? सगळ्या धरणांवर पाझर असतो. हे असं उघड लिहायला लागलो तर उद्या व्हॉट्सअॅपवर "अमुक धरणाला गळती, गावं सोडा" सुरू होईल. घटना नोंदवा, पण खात्याच्या आत.

आयर्विन_४५
नम्र_शंका, सांगलीकराला अफवा शिकवू नका. दर पुरात एकदा तरी आमच्याकडं "कोयना फुटली" येतंच.

पण उलट बघा. आमच्या आयर्विन पुलाची, कृष्णेचं पाणी मोजायची पट्टी. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. सांगलीतलं पोरगं पाढ्यांच्या आधी हे शिकतं. ऑगस्ट २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत ५५ च्या आसपास. तेव्हा अख्खं शहर फुटात बोलत होतं. दत्तनगरात किती फुटाला पाणी येतं, मारुती चौकात किती फुटाला, हे भाजीवालीसुद्धा सांगते. आकडा चावडीवर असला की माणूस आपलं सामान वरच्या मजल्यावर चढवतो. आकडा नसला की अफवेवर पळतो. कोयनेचा साठा आणि विसर्ग रोज पेपरात येतो. पाझर कधी बघितलाय पेपरात?

हळदीचं_पान
माझा अनुभव सांगते. धरणाचा नाही, कालव्याचा आहे.

आमच्या शिवारातनं कालवा जातो. तीन वर्षं सासरे सांगत होते की भरावाला खेकड्यांची आणि घुशींची भोकं पडलीत, बाहेरच्या अंगाला ओल दिसते. पाटकऱ्याला दाखवलं, त्यानं मान डोलावली. कालव्याला पाणी सोडायच्या एका पाळीत, म्हणजे आवर्तनात, रात्री दोन वाजता भराव गेला. काढून शिजवायला ठेवलेली हळद वाहून गेली. पाणी घरात शिरलं तेव्हा मुलाला खांद्यावर घेऊन उभी होते.

पंचनाम्याला जे लोक आले त्यांनी कारण लिहिलं 'अतिवृष्टी'. मार्च महिन्यात! मी म्हटलं, साहेब, वर बघा, आभाळ कसं निळंशार आहे. तेव्हा ते खोडून 'नैसर्गिक आपत्ती' केलं. खेकड्याला अर्ज करता येत नाही म्हणून असेल.

पुढच्या वर्षी खालच्या गावात तसाच भराव गेला. आमचा कागद नीट लिहिला असता तर कुणीतरी सगळी भोकं मोजली असती, असं मला अजून वाटतं.

टग्या_कराडकर
खेकडे म्हटल्यावर हजेरी लावणं आलं. तिवरे धरण खेकड्यांनी फोडलं असं तेव्हाच्या मंत्र्यांनी सांगितलं होतं. आमच्या गल्लीतल्या पोरांनी तेव्हा खेकड्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं गणपतीच्या देखाव्यात. बक्षीस नाही मिळालं.

गॅलरीतला
टग्या, हसू आलं, पण एक सांगतो. खेकडे, घुशी, वारुळं, झाडांची मुळं हे मातीच्या भरावाचे खरेच शत्रू आहेत. म्हणून ते वाक्य शास्त्र म्हणून अगदीच खोटं नव्हतं. पण खेकडा एका रात्रीत धरण फोडत नाही. तिवरे गेलं २ जुलै २०१९ च्या रात्री, वीसहून जास्त माणसं गेली. आणि गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. खेकड्यानं भोक पाडलं असेल तर ते कुणाला कधी दिसलं, कुणी कुठं लिहिलं, त्यावर काय केलं, एवढ्या तीन रकान्यांत सगळी चौकशी आहे.

हळदीताई, तुमच्या सासऱ्यांचं निरीक्षण आणि आण्णांची डायरी एकाच जातीची.

मिरज_जंक्शन
रेल्वेतून निवृत्त, गार्ड होतो. आमच्याकडची एक गोष्ट इथं उपयोगी पडेल. रेल्वेचा मोठा अपघात झाला की चौकशी करतो रेल्वे सुरक्षा आयुक्त. तो रेल्वे मंत्रालयाखाली येत नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतो. कारण उघड आहे. ज्याची गाडी, त्यानंच चूक शोधायची म्हटलं तर काय सापडणार?

आणि अपघात न होता थोडक्यात वाचलेलं प्रकरणसुद्धा लिहावं लागतं. सिग्नल ओलांडून गाडी चार डबे पुढं गेली, कुणाला खरचटलं नाही, तरी चौकशी. मी स्वतः एकदा त्यात सापडलो होतो. शिक्षा झाली, बायकोनं आठ दिवस तोंड फिरवलं. पण त्या सिग्नलच्या आड आलेली फांदी दुसऱ्या दिवशी तोडली गेली.

नम्र_शंका
तुम्हीच बघा, तुम्हाला शिक्षा झाली. मग पुढचा गार्ड लिहील का?

मिरज_जंक्शन
खरं सांगू? पुढच्यानं लिहिलं नसतं. मीही लिहिलं नव्हतं, केबिनवाल्यानं लिहिलं.

कृष्णामाई
मी कराडची. वय सांगत नाही, पण ११ डिसेंबर १९६७ ला मी तिसरीत होते.

पहाटे चार-सव्वाचारची वेळ. उतरंडीची मडकी एकेक करून खाली आली, तो आवाज अजून कानात आहे. आई आम्हाला ओढत अंगणात घेऊन गेली. थोड्या वेळानं कुणीतरी ओरडत गेलं की धरण फुटलं. आमच्या आळीतली निम्मी माणसं अंधारात आगाशिवच्या डोंगराच्या वाटेला लागली. वडील मात्र प्रीतिसंगमावर जाऊन पाणी बघून आले, म्हणाले नदी जागेवर आहे. कोयनानगरात मात्र घरंच्या घरं बसली, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. पुढं किती तरी रात्री आम्ही अंगणात शेकोटीजवळ झोपलो.

त्या धरणाला तेव्हा भेगा पडल्या होत्या हे मला लग्नानंतर कळलं, भावानं सांगितलं.

गॅलरीतला
कृष्णामाई, नमस्कार. तुम्ही विषय बरोबर जागी आणलात.

भेगा पडल्या होत्या. धरणाची उंची १०३ मीटर, मागच्या बाजूचा उतार वर जिथं एकदम बदलतो तिथं, म्हणजे माणसाच्या मानेला म्हणा, आडव्या भेगा गेल्या. पाणी अडवायचं काम धरणानं सोडलं नाही. पुढं त्या भागांना मागून काँक्रीटचे टेकू देऊन धरण जाड केलं. सांडव्याच्या भागाचं मजबुतीकरण तर २००६ पर्यंत चाललं.

पण सांगायचं ते वेगळंच. १९६२ साली पाणी साठायला लागलं तसे परिसरात बारीक धक्के जाणवू लागले. तेव्हा कुणी 'किरकोळ' म्हणून सोडून दिलं नाही, भूकंपमापन केंद्रं बसवली. धरणाच्या अंगातही धक्का मोजायचं यंत्र होतं. त्यामुळं ११ डिसेंबरचा धक्का धरणातच नोंदला गेला. आज जगात कुठंही काँक्रीटच्या धरणावर भूकंपाचा परिणाम शिकवताना कोयनेची ती नोंद आणि त्या भेगा घेतात. परदेशातल्या पोरांना पाटण तालुका नकाशावर दाखवता येणार नाही, पण कोयनेची मान कुठं तडकली ते पाठ असतं.

आणि गुजरातेतलं मच्छू-२ धरण? मोरबीत, ११ ऑगस्ट १९७९ ला फुटलं. हजारो माणसं गेली आणि चौकशी आयोगाचं काम मध्येच गुंडाळलं गेलं. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला, तिथं निदान चौकशी आयोग पूर्ण झाला, आधी बावडेकर आयोग मग नाईक आयोग.

टग्या_कराडकर
(अवांतर) पानशेत म्हटलं की पुणेकर येऊन "पूर म्हणजे आमचाच" म्हणतील, त्याआधी धागा सांगलीत परत आणा.

आयर्विन_४५
आणला. साहेब, ते १९९७ चं राहिलं. "ते सोपं नाही" म्हणून सोडून दिलंत.

गॅलरीतला
दोन दिवस टाळत होतो. लिहितो.

पावसाळ्यात धरणावरनं रोज तक्ता वर जायचा. शेवटचा रकाना 'विशेष घटना'. त्यात एकच शब्द लिहायचा असतो: निरंक, म्हणजे काही नाही. त्याशिवाय काहीही लिहिलं की आधी वरून फोन, मग दौरा, मग खुलासा. तुम्हीच लिहिलंत ना, मग तुम्हीच सांगा, देखभालीत कसूर का झाली? लिहिणारा आणि आरोपी एकच. आणि दुरुस्तीला निधी मागितला तर तो येईपर्यंत तुमची बदली.

माझंच सांगतो. एका धरणावर पावसाळ्याआधी दरवाजांची चाचणी घेत होतो. वक्राकार दरवाजा, दोन बाजूंना दोन दोर. एका बाजूचा दोर ढिला पडला होता, ते कुणाच्या लक्षात नाही आलं. दरवाजा हातभर उचलला आणि तिरका होऊन अडकला. ना वर, ना खाली. रात्रभर आम्ही सहा जण, पहारी, ग्रीस, जॅक आणि शिव्या. पहाटे सुटला. खलाशाचं, म्हणजे आमच्या मदतनीसाचं, हाताचं बोट गेलं असतं, थोडक्यात वाचलं. सकाळी मी नोंदवहीत लिहिलं: "दरवाजे चाचणी समाधानकारक." सही माझी.

तीन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या धरणावर माझ्या मित्राचा दरवाजा तसाच तिरका झाला. तसाच दोर, तशीच पकड, सैल होण्याची तीच जागा. पण त्याचं धरण भरलेलं होतं. त्यानं फोन केला तेव्हा मी पटापट सांगितलं, आधी हे कर, मग ते कर. तो म्हणाला, तुला रे कसं माहीत? आम्ही त्या रात्री जे शिकलो ते कागदावर नव्हतं, माझ्याबरोबर बदलीवर गेलं होतं. त्याच्याकडं माझा नंबर नसता तर?

नम्र_शंका यांना एवढंच सांगतो की खात्याच्या आत ठेवायलासुद्धा आधी लिहावं लागतं.

वाचनमात्र
साहेब, दंडवत.

नम्र_शंका
हे लिहायला धाडस लागतं, मानलं. माझं म्हणणं थोडं बदलतो. लिहिणाऱ्याला खुलासा मागणं बंद झालं पाहिजे. सगळं जसंच्या तसं गावभर करण्याला माझा विरोध कायम. तुमच्या मित्राला तुमच्या जिल्ह्यातला कागद मिळायला हवा होता, माझ्या व्हॉट्सअॅप ग्रुपला नाही.

हळदीचं_पान
आणि खालच्या गावाला?

नम्र_शंका
त्यांना भोकं कळायला हवीत. बरं, ताई, मान्य.

आयर्विन_४५
२०२४ च्या ऑगस्टात तुंगभद्रेच्या १९ नंबरच्या दरवाजाची साखळी तुटून दरवाजाच वाहून गेला, तेव्हा किती धरणांवर लोकांनी आपापल्या साखळ्या बघितल्या असतील! एवढी मोठी बातमी झाली म्हणून. साहेबांची रात्र बातमी झालीच नाही.

मिरज_जंक्शन
अमेरिकेतल्या टेटन धरणाबद्दल वाचलं होतं. १९७६, पहिल्यांदाच भरत होतं. दोन दिवस आधी खालच्या अंगाला स्वच्छ झरे दिसले. ५ जूनला सकाळी गढूळ पाणी, दुपारच्या आत धरण गेलं. आण्णांच्या धरणाला चार दिवसांत निवळलं म्हणजे काय झालं असेल हो साहेब?

गॅलरीतला
लांबून सांगणं म्हणजे पोपटवाल्याचं भविष्य. माती गाळणीच्या थरात अडकून वाट बुजली असेल, हे चांगलं. चरीत दरड बसून पाणी बाजूनं जात असेल, हे वाईट. जागेवर जाऊन बघायला हवं. पाटणवाला, कार्यालयात जाऊन जुनी नोंदवही बघता आली तर बघा. माहिती अधिकार वगैरे नंतर, आधी चहा पिऊन बघा.

टग्या_कराडकर
वर काढतोय. दहा दिवस झाले, पाटणवाला गायब. वहिनींनी डायऱ्या घातल्या वाटतं.

पाटणवाला
आहे, आहे. ऊस लागणीची गडबड होती. काल जाऊन आलो.

कार्यालयात एक तरुण कनिष्ठ अभियंता भेटले. डायरी बघून खुर्ची सरकवली, आधी वाचली, मग चहा सांगितला. जुन्या नोंदवह्या गोदामात, निम्म्या वाळवीनं खाल्लेल्या. १९९७ ची मिळाली. अर्धा कोपरा नाही, पण ऑगस्ट आहे.

१२ ऑगस्ट: नॉच ४. विशेष घटना: निरंक.
१३ ऑगस्ट: नॉच ४. निरंक.
१७ ऑगस्ट: नॉच ४. निरंक.

महिनाभर ४. अक्षर आण्णांचं, सही आण्णांची. कारखान्याच्या डायरीत सहा आणि दोन, सरकारी वहीत चार. एकाच दिवशी, एकाच पेनानं बहुतेक, शाई तीच निळी.

मी तिथं जरा वेळ गप्पच बसलो. ते साहेब म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, खोटं लिहायचं असतं तर घरी कशाला लिहिलं असतं? मला अजून नीट कळलेलं नाही.

मग आम्ही दोघं धरणावर गेलो. नॉचचा पत्रा गंजलाय, मोजपट्टीवरचे आकडे गेलेत, खाचेत गाळ आणि खेकड्याचं पिल्लू. (टग्या, शप्पथ.) त्यांनी स्वतः पँट दुमडून गाळ काढला. पाणी स्वच्छ आहे. नवी पट्टी बसवतो म्हणाले, आणि मान्सूनोत्तर तपासणीच्या अहवालात १९९७ ची नोंद जोडतो म्हणाले. सगळ्या डायऱ्यांच्या धरणाच्या पानांची रंगीत झेरॉक्स काढून अर्जासोबत दिली. चारशे साठ रुपये झाले. आवक क्रमांक घेतलाय. नॉचचा फोटो खाली चिकटवतो.

कृष्णामाई
लेकरा, खुलासा कुणाला द्यायचा नव्हता त्या वहीत त्यांनी खरं लिहिलं.

टग्या_कराडकर
विशेष घटना: सरकारी कचेरीत पहिल्या फेरीत आवक क्रमांक मिळाला. नोंद घ्यावी.

गॅलरीतला
फार चांगलं केलंत. त्या पोराला माझा नमस्कार सांगा. फोटो मोठा करून बघितला. नॉचच्या मागं, डाव्या हाताला, दगडी पायथ्यात हिरवं काय दिसतंय? उंबराचं रोप वाटतंय. आत्ता वीतभर आहे. पाच वर्षांनी त्याची मुळं भरावात पाणी शोधत जातील. नुसतं उपटू नका, जागा लिहून द्या, तिथं ओल असल्याशिवाय ते उगवलेलं नाही.

पाटणवाला
उंबरच आहे. आज परत जाऊन दिलं लिहून. दुसरा आवक क्रमांक.